मातीवरची अक्षरे : बाबिलोनची भाषा, माणसे आणि नगरे

बाबिलोन आणि भंडारा यांत हजारो मैलांचे आणि हजारो वर्षांचे अंतर आहे. त्या नगरीचा विषय वसंत व्याख्यानासाठी निवडला म्हणून काही मित्रांनी आम्हांस विचारले, की वैनगंगेच्या काठच्या माणसांना फरात नदीच्या काठच्या उकिरड्यांशी काय कर्तव्य? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे, की ज्या प्राचीन लोकांनी आपला रोजचा व्यवहार सर्वांत जास्त लिहून ठेवला, त्यांत बाबिलोनचे लोक अग्रगण्य आहेत. मजुराला किती धान्य दिले, कोणाकडून किती व्याज घेतले, कोणी कोणास फसविले, हे सारे त्यांनी ओल्या मातीवर कोरले आणि ती माती टिकली. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ देशांचा सांगता येतो. हाताने काम करणाऱ्या माणसाचा चार हजार वर्षांपूर्वीचा हिशेब दाखविता येईल असे देश फार थोडे. आम्हां कामगार चळवळीतील माणसांना बाबिलोनची ओढ वाटते ती यामुळे.

प्रथम त्या देशाची ओळख करून घेऊ. आजच्या इराकमध्ये तैग्रिस आणि युफ्रेटिस म्हणजे फरात या दोन नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. दक्षिणेचा भाग सपाट गाळाचा आहे. तेथे बांधकामाजोगा दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातूची खाण नाही. पाऊसही इतका कमी, की केवळ त्याच्या भरवशावर पीक येत नाही. आपल्या जिल्ह्यात माणसाने तलाव बांधून धान पिकविले. तेथील माणसाने कालवे खणून जव पिकविला. कालवा खणणे आणि त्यातला गाळ दरवर्षी काढणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्याला माणसे जमवावी लागतात, त्यांना खायला घालावे लागते, आणि कोणी किती काम केले हे ध्यानात ठेवावे लागते. या गरजेतून तेथे नगरे वाढली आणि नगरांबरोबर कारकून वाढले. उरुक, उर, निप्पूर, लार्सा, सिप्पार ही त्या नगरांपैकी काही. सगळी विटांची. घर विटांचे, देऊळ विटांचे, तटही विटांचा.

बाबिलोन हे या नगरांत वयाने धाकटे. त्यांच्या भाषेत नाव ‘बाब-इली’, म्हणजे देवाचे द्वार. इसवी सनापूर्वी १७९२ ते १७५० या काळात तेथे हम्मुराबी राजा झाला आणि त्याने आसपासची राज्ये जिंकून बाबिलोनला राजधानीचे वैभव दिले. इसवी सनापूर्वी १५९५ च्या सुमारास हित्ती लोकांनी ते लुटले. पुढे हजार वर्षांनी दुसऱ्या नेबुखद्नेझर राजाने (इ. स. पू. ६०५ ते ५६२) नगर पुन्हा उभारले. त्याने आपले नाव विटांवर शिक्का मारून उमटविले. ज्यांनी त्या विटा पाडल्या, त्यांची नावे अर्थातच त्यांवर नाहीत. इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये इराणच्या कुरूष राजाने बाबिलोन घेतले आणि ३२३ मध्ये शिकंदर याच नगरात वारला. जर्मन संशोधक कोल्डेवाय याने १८९९ पासून १९१७ पर्यंत तेथे उत्खनन केले. निळ्या झिलईच्या विटांची प्रसिद्ध इश्तार वेस आज बर्लिनमध्ये आहे. बगदादच्या दक्षिणेस हिल्ला गावाजवळचे हे अवशेष २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले.

आता भाषेकडे वळू. या देशाची सर्वांत जुनी लिखित भाषा सुमेरी. तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. तिच्या शेजारी अक्कादी ही दुसरी भाषा नांदत होती, आणि बाबिलोनी ही तिचीच एक शाखा. अक्कादी ही अरबी आणि हिब्रू यांच्या कुळातली. तिचे वळण मराठी माणसाला अगदीच परके नाही, कारण अरबीचे शेकडो शब्द आपण रोज वापरतो. हासील, महसूल, तहसील हे तीन शब्द पाहा. तिन्हींत ह-स-ल ही व्यंजने कायम आहेत. मधले स्वर आणि मागचे-पुढचे अवयव बदलले की अर्थ बदलतो. बाबिलोनी भाषा याच रीतीने चालते. घराला ‘बीतु’, कुत्र्याला ‘कल्बु’ म्हणत. अरबीत आजही ‘बैत’ आणि ‘कल्ब’ आहेत.

आमच्या दृष्टीने एक शब्द फार मोलाचा आहे. बाबिलोनी भाषेत ‘अगारु’ म्हणजे भाड्याने किंवा मजुरीवर लावणे, आणि ‘अग्रु’ म्हणजे मजुरीवर लावलेला माणूस. त्या भाषेतला ‘ग’ अरबीत ‘ज’ होतो. तेव्हा अरबीत मजुरीला ‘अज्र’ आणि भाडेपट्ट्याला ‘इजारा’ म्हणतात. हा इजारा मराठीत आला आणि त्याच्यामागून इजारदारही आला. जंगलाचा इजारा, जकातीचा इजारा हे प्रयोग आपल्या आजोबांच्या तोंडी होते. चार हजार वर्षांपूर्वी फरातेच्या काठी मजूर ज्या शब्दाने ओळखला जाई, त्याच शब्दाचा भाऊबंद आपल्याकडे येऊन मालकाच्या बाजूला बसला, असा हा शब्दांचा प्रवास आहे.

ही भाषा मातीवर लिहीत. ओल्या मातीची पाटी हाताच्या तळव्यात मावेल एवढी करायची, आणि बोरूच्या टोकाने तिच्यावर खुणा दाबायच्या. प्रत्येक खूण खिळ्यासारखी किंवा बाणाच्या टोकासारखी उमटते, म्हणून या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात. तिच्यात काही शेकडा चिन्हे आहेत. एकच चिन्ह कधी अक्षराचे काम करते, कधी आख्ख्या शब्दाचे. ती शिकायला वर्षे लागत, म्हणून लिहिणारा वर्ग लहान आणि वजनदार राहिला. पाटी उन्हात वाळविली तरी टिके. आणि शत्रूने नगर जाळले, तर आगीत भाजून ती अधिकच टिकाऊ होई. नगर जळाले आणि हिशेब वाचले, असे तेथे अनेकदा घडले आहे.

मग हे सारे विस्मृतीत गेले. शेवटी ही लिपी वाचली कोणी? या कथेचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. हेन्री रॉलिन्सन नावाचा सतरा वर्षांचा इंग्रज मुलगा १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात भरती झाला. तो येथे फारसी शिकला. घोडदौडीतही तो पटाईत होता. १८३२ मध्ये पैज लावून त्याने पुणे ते पनवेल हे ७२ मैलांचे अंतर ३ तास ७ मिनिटांत कापल्याची नोंद आहे. पुढे त्याची इराणात नेमणूक झाली. तेथे बेहिस्तून येथील उंच कड्यावर दारियस राजाचा लेख आहे. तोच मजकूर तीन भाषांत कोरलेला : जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी. १८३५ पासून रॉलिन्सनने तो टप्प्याटप्प्याने उतरवून घेतला. जुनी फारसी उलगडली, आणि तिच्या आधाराने बाबिलोनीचे कुलूप उघडू लागले. आयर्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड हिंक्स याचे श्रेयही या कामात रॉलिन्सनच्या बरोबरीचे आहे. १८५७ मध्ये, आपल्याकडे उठावाचे रण पेटले त्याच वर्षी, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने चार विद्वानांकडून एकाच लेखाची स्वतंत्र भाषांतरे बंद पाकिटांतून मागविली. ती उघडून ताडून पाहिली तेव्हा त्यांचा मेळ बसला, आणि ही भाषा खरोखरच वाचता येते अशी जगाची खात्री पटली.

या प्रसंगात एक मनुष्य राहून जातो. बेहिस्तूनच्या लेखाचा बाबिलोनी भाग अशा जागी आहे, की तेथे रॉलिन्सनला चढता येईना. १८४७ मध्ये एका कुर्द मुलाने ते साहस केले. गुळगुळीत कड्याच्या भेगांत खुंट्या ठोकीत, दोराला लोंबकळत तो पलीकडे गेला, आणि ओला कागद अक्षरांवर दाबून त्याने छाप काढून आणले. ज्या छापांवरून बाबिलोनी भाषा उलगडण्यास एवढे साहाय्य झाले, ते या मुलाच्या हातचे. रॉलिन्सनने त्याच्या धाडसाची स्तुती लिहून ठेविली, पण त्याचे नाव लिहिले नाही.

लिपी वाचली गेल्यावर आपल्याकडील विद्वानांचेही लक्ष तिकडे गेले. लोकमान्य टिळकांनी १९१७ मध्ये डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या गौरवग्रंथासाठी खाल्डियन आणि भारतीय वेद यांची तुलना करणारा इंग्रजी निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील सर्पविषनाशक सूक्तात तैमात, उरुगूला असे काही शब्द येतात, ज्यांचा अर्थ भाष्यकारांना नीट लावता आला नव्हता. टिळकांनी सुचविले, की तैमात म्हणजे बाबिलोनी कथांतील तिआमत हा आदिसागराचा राक्षस, आणि उरुगूला हा शब्दही त्या देशातूनच आला असावा. पुढील विद्वानांत या मतावर एकवाक्यता झाली नाही. तथापि ज्यांच्या शिक्षेविरुद्ध १९०८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, त्या टिळकांनी वेदात परक्या देशाचा शब्द असू शकतो हे निःसंकोच मांडले. भाषेचे सोवळे त्यांनी मानले नाही, याची आठवण आपण ठेविली पाहिजे.

भारताशी त्या देशाचा संबंध होता हे मात्र इतर पुराव्यांवरून स्पष्ट आहे. इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमाराचा अक्कादचा राजा सारगोन आपल्या लेखात सांगतो, की मेलुहाची गलबते आपल्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच काळातली एक मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्या मालकाचे नाव शु-इलिशू आणि धंदा ‘मेलुही भाषेचा दुभाष्या’. ज्या अर्थी दुभाष्याला स्वतःची मुद्रा करवून घेण्याइतकी प्राप्ती होती, त्या अर्थी दोन्ही देशांतील व्यापार चांगलाच चालत असला पाहिजे. आणि साठाच्या पटीत मोजण्याची त्यांची पद्धत तर आपल्या मनगटावर आहे. तासाची साठ मिनिटे ही बाबिलोनी गणिताची देणगी. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी लढे दिले, ते तासही याच मापाने मोजले गेले.

आता पाट्यांतील मजुरीचा हिशेब पाहू. हम्मुराबीची संहिता सव्वादोन मीटर उंचीच्या काळ्या दगडावर कोरलेली आहे. तो दगड १९०१-०२ मध्ये इराणातील सूसा येथे सापडला आणि आता लूव्रमध्ये आहे. तिच्यात शेतावर वर्षाने लावलेल्या मजुराला वर्षास ८ गुर धान्य आणि बैल हाकणाऱ्याला ६ गुर असा दर दिला आहे. एक गुर म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३०० लिटर. रोजंदारीचा दर चांदीत आहे : वर्षारंभापासून पाचव्या महिन्यापर्यंत रोज ६ दाणे, आणि सहाव्यापासून वर्षअखेरपर्यंत रोज ५ दाणे. दाणा म्हणजे जवाच्या दाण्याएवढे वजन, आपल्याकडे सोनार गुंज वापरीत तसे. १८० दाण्यांचा एक शेकेल होई, सुमारे सव्वाआठ ग्रॅमचा. म्हणजे पहिल्या पाच महिन्यांत तीस दिवस राबणाऱ्याला बरोबर एक शेकेल चांदी पडे. त्यांचे वर्ष वसंतात सुरू होई. तेव्हा सुगीची घाई आणि दिवस मोठा, म्हणून दर चढा. हंगामाप्रमाणे मजुरी बदलते हे आपल्या रोवणीच्या मजुरिणीला कोणी शिकवायला नको.

पण या दगडाची आरती ओवाळण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी, की हा कायदा सर्वांना सारखा नव्हता. प्रतिष्ठित माणसाने आपल्या बरोबरीच्याचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा. सामान्य माणसाचा फोडला तर ६० शेकेल चांदी द्यावी. गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम धन्याला द्यावी. ‘डोळ्यास डोळा’ एवढेच आपण ऐकलेले असते. कोणाच्या डोळ्यास कोणाचा, हे क्वचित कोणी सांगते. दुसरी गोष्ट, दगडावरचा दर आणि हातात पडणारा दर यांत फरक असे. त्या काळच्या करारांच्या पाट्यांवर निरनिराळे दर आढळतात, आणि न्यायनिवाड्यांच्या पाट्यांवर या संहितेचा आधार घेतलेला दिसत नाही. आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. कायदा होणे आणि वेतन मिळणे यांत किती अंतर असते, हे या सभागृहातील पुष्कळांना ठाऊक आहे.

हम्मुराबीच्या आधी दोन-तीन शतके, उर नगरीच्या राज्यात, मंदिरांच्या आणि सरकारच्या कारखान्यांत शेकडो स्त्रिया कापड विणीत. त्यांच्या शिध्याच्या पाट्या सापडल्या आहेत. पुरुषाला महिन्याला साधारणतः ६० लिटर जव आणि स्त्रीला ३०. आमच्या जिल्ह्यात कोसा विणणाऱ्या घरांत आणि बिड्या वळणाऱ्या ओसऱ्यांवर आम्ही आयुष्य घालविले आहे. हे आकडे वाचून आम्हांस नवल वाटले नाही. तो अन्याय फार जुना आहे, एवढेच कळले.

मजुरीपेक्षाही अधिक पाट्या कर्जाच्या. चांदीवर शेकडा २० आणि धान्यावर शेकडा ३३⅓ असा व्याजाचा दर रूढ होता. कर्ज फिटले नाही तर माणूस बायको-मुलांना धनकोच्या घरी राबायला पाठवी. हम्मुराबीने ठरविले, की अशांनी तीन वर्षे काम करावे आणि चौथ्या वर्षी त्यांना सोडावे. वादळाने किंवा पाण्यावाचून पीक बुडाले, तर त्या वर्षी ऋणकोने धान्य देऊ नये, व्याज देऊ नये, आणि आपली पाटी ‘भिजवावी’, म्हणजे करार बदलून घ्यावा, असेही त्याने सांगितले. करारात फेरफार होऊ नये म्हणून एक नामी युक्ती होती. लिहिलेल्या पाटीभोवती मातीचे पातळ पाकीट लिंपीत आणि त्यावर तोच मजकूर पुन्हा लिहीत. वाद निघाला, की न्यायाधीशासमोर पाकीट फोडून आतला मजकूर पाहत. ज्याच्याजवळ मुद्रा नसे, तो पाटीवर नखाचा ठसा किंवा वस्त्राच्या काठाचा ठसा उमटवी. आपल्याकडचा अंगठा तो हाच.

तरी कर्जे साचतच. म्हणून त्या देशाचे राजे अधूनमधून ‘मीशारुम’ पुकारीत, म्हणजे सरकारी बाकी आणि पोटापाण्यासाठी काढलेली कर्जे रद्द करीत, आणि त्यांच्या पाट्या फोडीत. व्यापारी भागीदारीची कर्जे मात्र कायम राहत. हम्मुराबीचा चौथा वारस अम्मीसदूका याचा असा जाहीरनामा आज उपलब्ध आहे. त्यात एक कलम आहे : सावकाराने व्याजी धान्य दिले असेल आणि ते कर्ज म्हणून न लिहिता खरेदी किंवा ठेव म्हणून लिहून घेतले असेल, तर साक्षीदारांनी तसे सिद्ध केल्यावर तो लेख रद्द समजावा. यावरून धनकोंची हिकमत किती जुनी आहे ते दिसते.

हे वाचताना महाराष्ट्रातील १८७५ साल आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षीच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने फोडून खतपत्रे जाळली, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा रोख होता. कारण ज्या कागदाने आपली जमीन जाते, तो कागद आपल्याला वाचता येत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. बाबिलोनमध्ये पाट्या राजा फोडी. दख्खनमध्ये रयतेला स्वतःच खते जाळावी लागली, आणि त्यासाठी तुरुंगही भोगावा लागला.

बाबिलोनी भाषेचा शेवट हळूहळू झाला. आरमाइक भाषा आणि तिची थोडक्या अक्षरांची सोपी लिपी पसरली. ती शाईने चामड्यावर लिहीत. कीलाकार लिपी शेवटी मंदिरांतील ज्योतिष्यांपुरती उरली. वर्ष सांगता येईल अशी तिची शेवटची पाटी इसवी सनाच्या पहिल्या शतकातली आहे आणि तिच्यात ग्रहांचीच गणिते आहेत. नगरे ओस पडली. विटा लोकांनी घरांसाठी नेल्या. चामड्यावर लिहिलेले बहुतेक कुजून गेले. माती मात्र राहिली.

त्या शेवटच्या पाटीच्या आगेमागे आपली पवनी भरभराटीत होती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि तेथे मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे आहेत. ज्यांनी दान दिले त्यांची नावे दोन हजार वर्षे राहिली, ही आनंदाची गोष्ट आहे. ते दगड ज्यांनी फोडले आणि वाहून आणले, त्यांची मोजदाद तेथे झाली असेल तर ती ताडपत्रासारख्या कशावर तरी झाली असावी आणि नष्ट झाली. फरातेच्या काठच्या मजुराला मातीने जे दिले, ते वैनगंगेच्या काठच्या मजुराला दगडाने दिले नाही.

आज तो हिशेब आपल्या हाती आहे. बिडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला आणि घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणून मान्यता मिळाली. तरी चळवळीत आम्ही पुनःपुन्हा पाहिले, की जिने पंचवीस वर्षे बिड्या वळल्या, तिच्या पुस्तकात तीनच वर्षांच्या नोंदी आहेत. कोठे पाने कोरी, कोठे नाव सासूचे, कोठे छाटीचे आकडे तिला न दाखविता भरलेले. भविष्यनिर्वाह निधीची वेळ आली, की ते कोरे पान तिच्याविरुद्ध साक्ष देते. अशा बाईची बाजू मांडायला आम्ही कचेरीत उभे राहिलो, तेव्हा आमच्याजवळ तिची बोटे होती आणि समोरच्याजवळ वही होती. निकाल वहीप्रमाणे लागला.

बाबिलोनमध्ये लिहिणारे थोडे आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते पुष्कळ, म्हणून तेथे नखाचा ठसा देणाऱ्याला आपल्याच पाटीत काय आहे ते कळत नसे. आपल्या जिल्ह्यात आता घरोघरी शिकलेली मुले आहेत. त्यांनी सुट्टीत एक दिवस आजीचे किंवा आईचे बिडीचे पुस्तक, बापाचे हजेरीकार्ड, शेताचा सातबारा उघडून मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे नोंद नाही तेथे ती का नाही, हे विचारावे आणि लेखी विचारावे. एवढी विनंती करून आम्ही श्रोत्यांची रजा घेतो.